खोल तळं, उथळ तळं

फार पूर्वी, माणसांनी गावं वसवायच्या आधी, प्राण्यांचं एक नगर होतं. उन्हाळ्यात सगळ्यांना खेळायला-डुंबायला एक तळं खोदायचं ठरलं आणि नगराच्या प्रमुख हत्तीणबाईंनी सभा बोलावली.

“तळं चांगलं खोल हवं,” गवा म्हणाला. “त्याशिवाय डुंबण्यात मजा नाही.”

सशीण हळूच म्हणाली, “आणि ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी काय करायचं?”

“काठावर बसून बघायचं!” गवा म्हणाला आणि सभा खो खो हसली. सशीण कान पाडून खाली बसली.

तेवढ्यात पाणमांजर उठली. तिच्याइतकं सफाईदार पोहणारं नगरात कोणीच नव्हतं. ती म्हणाली, “माझी पिल्लंसुद्धा पाण्याला घाबरतात. मानगूट धरून शिकवावं लागतं त्यांना. मीही अशीच शिकले. सगळंच पाणी खोल असेल, तर त्यांना उतरवू कुठे?”

हसणं थांबलं. हत्तीणबाईंनी सोंडेने मातीत आखून दाखवलं. एका टोकाला घोटाभर पाणी, मग हळूहळू उतार, आणि दुसऱ्या टोकाला गवा बुडेल एवढी खोली. सगळ्यांनी माना डोलावल्या. गव्याने जरा उशिराने डोलावली.

तळं भरलं. पाणमांजर रोज पिल्लांबरोबर सशिणीलाही शिकवू लागली. पंधराव्या दिवशी सशीण धापा टाकत खोल टोकाला पोहोचली. गवा चकितच झाला. “शाब्बास गं! दमली असशील, बस माझ्या पाठीवर.”

“नको गवादादा, मला लगेच परत जायचंय,” सशीण म्हणाली. “आई आज पहिल्यांदाच पाण्यात उतरतेय. तिचा हात धरायला हवा.”