साकवाची तक्रार

"मग प्रायश्चित्त काय घेऊ, तेवढं सांगा, अक्का."

सुहास कणबरकरनं हे दुसऱ्यांदा विचारलं. टेकडीवरच्या त्या लहानशा मठात अक्का गोधडीवर बसून शेंगा फोडत होत्या. मनातलं ओझं घेऊन माणसं त्यांच्याकडं यायची, आणि बहुतेकांचं म्हणणं अक्का अशाच शेंगा फोडत ऐकून घ्यायच्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उपास करतो. नाहीतर मठाची झकास वेबसाइट करून देतो. फुकट."

"मठाला दार हाय की," अक्का म्हणाल्या.

सुहास ओशाळला. धंद्याच्या पंधरा वर्षांत असं तोंडावर नको म्हणणारं त्याला कुणी भेटलं नव्हतं. नोकरी त्यानं कुणाचीच केली नाही, पण सरकारी कचेऱ्यांच्या वेबसाइट त्याच्याच हातच्या आणि जिल्ह्यातल्या मोठ्या वर्तमानपत्राचीही. साहेब असो की संपादक, अडलं की यालाच फोन. गडी त्याच तोऱ्यात टेकडी चढून आला होता. आतून मात्र पार ढासळला होता.

"आधी केलंस काय, ते तरी सांग की रं."

सुहास सांगू लागला. जिल्ह्याच्या कचेरीसाठी त्यानं तक्रारींची वेबसाइट केली होती. साहेबांना आकडे चांगले हवे होते. मग यानं अशी सोय करून दिली की तक्रारीला कुणी हात लावो न लावो, एकवीस दिवसांनी ती आपोआप मिटायची आणि 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज जायचा. साहेब खूश झाले. वर्तमानपत्रानं कौतुकाची बातमी दिली, आणि ती पेपरच्या वेबसाइटवर चढवणाराही हाच.

एक चूक तेवढी राहून गेली. चाचणी घेताना हेल्पलाइनच्या जागी त्यानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. कचेरीनं खरा नंबर कधी दिला नाही आणि यानं कधी मागितला नाही. लोक यालाच फोन करू लागले.

"एक बाई सारखा फोन करायची. अंजना गुरव. ओढ्यावरच्या साकवाच्या फळ्या कुजल्यात, म्हणायची. तीनदा तक्रार केली तिनं, तीनदा निकाली निघाली..."

"तू काय म्हणायचास?"

"मी फक्त वेबसाइट बघतो, बाई."

"दर खेपंला?"

"दर वेळी," सुहास म्हणाला.

"मग?"

"फळी मोडली. डोक्यावर वैरणीचा भारा होता. भाऱ्यासकट खाली गेली. कंबर मोडली, अक्का. अंथरुणाला खिळलीय. बातमी आली. कचेरीनं सांगितलं, साकवाची एकही तक्रार शिल्लक नाही. पेपरानं तसंच छापलं. आणि त्यांच्या वेबसाइटवर ते मीच चढवलं."

ते खोटं आहे हे ओळखू शकणारा माणूस दोन्हीकडं मिळून एकच होता, आणि त्यानं मुकाट्यानं बटण दाबलं होतं. तोंड उघडलं असतं तर कचेरीचं कामही गेलं असतं आणि पेपरचंही. आठ दिवस त्याला स्वतःची शरम वाटत होती.

"आता तरी कुणाला सांगितलंस?"

"नाही अजून... आधी जरा मन शांत व्हावं, म्हणून आलो."

अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. सुहासचा दंड धरला आणि त्याला आपल्या गोधडीवर बसवलं. मग स्वतः खाली, उंबऱ्याशी उकिडव्या बसल्या. पदर सारखा केला. हात जोडले.

"साहेब, आमचा साकव कवा हुईल?"

"अक्का! काय करताय हे? उठा."

अक्का उठल्या नाहीत.

"मी फक्त..." सुहास सवयीनं बोलून गेला आणि मध्येच थांबला. समोर सत्तरीची म्हातारी हात जोडून बसली होती आणि तिच्याकडं बघायची त्याची छाती होत नव्हती.

"लाजवू नका, अक्का. पाया पडतो तुमच्या. असं किती वेळ बसणार?"

"तुमचं चालू द्या, साहेब," अक्का म्हणाल्या. "मला सवय हाय."