काठोकाठ वाडगं

फार पूर्वी उत्पलनगरात भद्रसेन राजा राज्य करत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व पाथरवटांचे मुख्य होते, सगळे त्यांना आचार्य म्हणत. नगराच्या नव्या वेशीचं काम चाललेलं.

आता मोठ्या शिळा वर कशा चढवायच्या, तर दोर जाड खुंटाला गुंडाळून. तो दोर ज्याच्या हातात, त्याच्या हातात खालच्या सगळ्यांचा जीव. हा मान सोमिलचा. रोज सकाळी पहिली शिळा हलायच्या आधी सोमिलने पाण्याने काठोकाठ भरलेलं काशाचं वाडगं उचलायचं, खुंटाभोवती एक फेरी मारायची आणि पाणी बुंध्याशी ओतायचं. थेंब सांडला नाही की काम सुरू. लोकांना वाटायचं, ही खुंटाची पूजा.

वाडगं भरायचं काम कुंडकचं. कुंडक म्हणजे सोमिलचा जिवाभावाचा दोस्त.

सहा महिन्यांपूर्वी दगड घसरून सोमिलचा खांदा दुखावला होता. वैद्याने गुंगीचं औषध दिलं, झोपताना एक मात्रा. सोमिलने मग सकाळीही घ्यायला सुरुवात केली, मग दुपारीही. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, उभ्या उभ्या डुलक्या यायला लागल्या. कुंडकला हे सगळ्यात आधी कळलं. त्याने काय करावं? वाडगं चार बोटं रिकामं ठेवायला लागला.

"काय रे कुंडक्या, तळं आटलं का?" एक पाथरवट हसला.

"तू तुझी छिन्नी बघ ना!"

परवा दोर हातभर निसटला, तेव्हाही कुंडकच पुढे होऊन म्हणाला, "नवा दोर आहे, गुळगुळीत आहे." आचार्यांनी दोर हातात घेऊन पाहिला. जुनाच होता.

आणि आज वेशीच्या माथ्याची शिळा चढवायची होती. मुहूर्त ठरलेला, राजाचे अमात्य छत्री धरून हजर. शिळा जिथून वर जाणार, तिथे खाली आठ माणसं उभी, त्यात कुंडकचा सख्खा मेव्हणा. कुंडकने सवयीने चार बोटं राखून पाणी ओतलं.

शेजारी आचार्य येऊन उभे राहिले. "भर की अजून."

कुंडकने भरलं. पाणी काठाला लागलं. सोमिलने हात पुढे केले. बोटं अशी थरथरत होती, की कुंडकला खालचा मेव्हणा दिसला, वर चढायची शिळा दिसली आणि वाडगं काही त्याच्या हातून सुटेना.

"आचार्य," तो कसाबसा म्हणाला, "आज नको. ह्याच्याकडे नको."

सोमिलने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही थोबाडीत बसली.

"आज शिळा चढणार नाही," आचार्य मोठ्याने म्हणाले. "सगळे खालून बाहेर या."

"अहो आचार्य, मुहूर्त टळतोय! महाराजांना काय सांगू?" अमात्य ओरडले.

"मी थांबवलं म्हणून सांगा."

मग ते सोमिलला पिंपळाखाली घेऊन गेले, कुंडकलाही बोलावलं. नशा करतोस का, वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "परवा दोर हातभर निसटला. काल दुपारी तू उभ्याने झोपलास. आज बोटं थरथरली. एवढं मी पाहिलंय. बाकीचं तू सांग."

सोमिल आधी चिडला. "हा कुंडक्या चुगलखोर!" मग कमरेची औषधाची पुडी काढून मांडीवर ठेवली आणि रडायलाच लागला. "दुखतं हो फार. पण दोर काढून घेतलात, तर मी कोण उरलो?"

"दोर आजपासून दुसऱ्याकडे. तू बसून दोर तपासायचेस, तुझ्याइतकं ते कोणाला कळतं? वैद्यांना मी आणतो. मात्रा हळूहळू उतरवू, खांदा शेकू. ज्या सकाळी काठोकाठ वाडगं नेशील, त्या सकाळी दोर तुझा. कधी, ते मला माहीत नाही." मग कुंडककडे वळून म्हणाले, "आणि ती पूजा नव्हती रे. रोज हात स्थिर आहेत का, ते बघायचं होतं."

राजा रागावला. त्या वर्षीचा मानाचा शेला आचार्यांना मिळाला नाही. वेस मात्र उभी राहिली, माणसं सगळी शाबूत.

सोमिलचं वाडगं दोनदा सांडलं. पाचव्या महिन्यात नाही सांडलं. त्या सकाळी ते काठोकाठ भरून कुंडकनेच त्याच्या हातात दिलं होतं.

विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "तेव्हाचा सोमिल म्हणजे चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, रंगवायची कढई सांभाळणारा हा आजचा भिक्षू. आचार्य मीच होतो."

"आणि कुंडक, भगवान?" कुणीतरी विचारलं.

मागच्या रांगेतून एक भिक्षू उठला. "भगवान, ह्या कढईवाल्याला तापाच्या औषधाने डुलक्या येतात. पंधरा दिवस कढईखालचा जाळ गुपचूप मीच बघतोय. कोणाला सांगितलं नाही."

"आता सांगितलंस," शास्ते म्हणाले. "मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात ती हीच."