फुकट दळणारी चक्की

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक तटबंदीचं गाव होतं. वेशीच्या दरवाजाचा अडसर इतका जड, की तो उचलायला वीस माणसं लागत. शेजारच्या राजाची फौज दिसली की बुरुजावर शिंग वाजे आणि घरटी एक माणूस वेशीकडे धावे. राजा तीनदा आला आणि तीनदा बंद दार बघून हात हलवत परत गेला.

चौथ्या खेपेला त्याने फौजेआधी एक माणूस पाठवला.

त्या माणसाने गावातल्या ओढ्यावर पाणचक्की बसवली. दळणाचं काही घेईना. पीठ पडेपर्यंत चार गोष्टी बोला, तेवढं पुरे, म्हणायचा. फुकट म्हटल्यावर आपण काय सोडतो? घरातलं जातं कोपऱ्यात गेलं आणि घरातल्या गोष्टी चक्कीवर आल्या.

गावातला तेली एकदा तिथे बोलता बोलता बोलून गेला, की हल्ली अंधुक दिसतं, आणि हे बाहेर कळलं तर मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडेल. चक्कीवाला हळहळला. तेली पीठ घेऊन घरी गेला आणि बोललेलं विसरून गेला. दळताना केलेली बडबड कोण लक्षात ठेवतो?

चक्कीवाल्याने ठेवली. सहा महिन्यांनी त्याने तेल्याला बाजूला घेतलं. "तेलीबुवा, तुमचे डोळे गेलेत, असं तुमचा शेजारी विणकर सांगत फिरतोय. मुलीच्या सासरीही कळवणार आहे म्हणे."

तेल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांची गोष्ट खरी होती, म्हणून उरलेलीही त्याला खरी वाटली. विणकराला विचारायलाही तो गेला नाही, त्याने बोलणंच टाकलं. असंच काहीबाही चक्कीवाल्याने घरोघरी पेरलं होतं.

मग एका सकाळी शिंग वाजलं. त्या शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून अडसर उचलायचा? तेली घरातच बसला. वेशीवर जेमतेम सात माणसं जमली. अडसर जागचा हलला नाही, दार उघडंच राहिलं.

दुपारी तेली आणि विणकर एकाच दोरीला बांधून नेले जात होते. मुलीचं लग्न राहिलं बाजूला, गावच उरलं नव्हतं. तेल्याला राहवलं नाही. "माझे डोळे गेले, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

विणकर चालता चालता थांबला. "तुझे डोळे गेलेत?"

तात्पर्य: आपलं गुपित ज्याच्या हाती जातं, त्याच्या हाती आपला शेजाऱ्यावरचा विश्वासही जातो.