मांजरांच्या डोळ्यांतला यक्ष

पूर्वी चंपानगरीत उग्रदत्त राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने तेथे जनावरांच्या वैद्याच्या घरी जन्म घेतला होता आणि पुढे तोही वैद्य झाला होता.

एका उन्हाळ्यात नगरातल्या मांजरांचे डोळे गळू लागले. मग कुणीतरी एका मांजरीच्या बुबुळावरून पांढरा दोरा सरपटताना पाहिला. मांजरांत यक्ष शिरला आहे, ती ज्याच्याकडे पाहतील तो आंधळा होईल, अशी आवई उठली. मांडीवर वाढलेल्या मांजरांना लोकांनी दारे लावली. त्यातच राजाच्या आचाऱ्याचा डोळा गळू लागला, तेव्हा राजाने दवंडी पिटवली : दोन दिवसांत सगळी मांजरे पोत्यात बांधून नदीत सोडावीत. वैद्य असलेल्या बोधिसत्त्वाला राजाचा निरोप आला, "हा यक्षच आहे असे सभेत सांग. गाव इनाम मिळेल."

बोधिसत्त्व महिनाभर ही मांजरे तपासत होता. कापसाच्या ओल्या वातीने त्याने कितीतरी डोळ्यांतले जंत काढले होते. बारीक माश्या मांजरांची आसवे प्यायला बसतात, आणि विरळ कापडाआड ठेवलेल्या मांजरांना जंत होत नाहीत, हे त्याने पाहिले होते. परंतु त्या सकाळपासून त्याच्याच डाव्या डोळ्यात काहीतरी वळवळत होते. 'हे कळले तर मलाही पोत्यात बांधतील,' अशी त्याला भीती वाटली.

इतक्यात धान्य पाखडणारी रोहिका पदराखाली मांजर घेऊन धापा टाकत आली.

"वैद्यबाबा, हिला लपवा! घरची माणसं पोतं घेऊन मागून येताहेत."

बोधिसत्त्वाने मांजर आतल्या खोलीत ठेवले, दाराला कडी घातली आणि तो म्हणाला, "रोहिके, तू माझ्याबरोबर सभेत चल."

सभेत तो म्हणाला, "महाराज, तो यक्ष माझ्या डोळ्यात आहे."

मंत्री आसने सोडून मागे सरले. राजाने तोंडावर शेला ओढला. बोधिसत्त्व तिथेच जमिनीवर आडवा झाला आणि त्याने रोहिकेच्या हाती वात दिली.

"मला नाही जमायचं, बाबा. भीती वाटते."

"मलाही वाटते. तरी वातीने जंत उचल."

तिने उचलला. पेरभरही नसलेला तो जंत वातीवर वळवळला आणि थोड्या वेळाने निपचित पडला.

"एवढाच यक्ष, महाराज. त्याला माशी आणते. मांजर आपल्यासारखेच सोसते आहे."

राजाने आज्ञा मागे घेतली. जंत काढल्यावर आचाऱ्याचाही डोळा बरा झाला. आधीच सोडलेली पोती मात्र बुडाली ती बुडालीच. पुढे कित्येक दिवस ती सोडलेल्या घाटावर पाणी भरायला कोणी उतरले नाही.

ही कथा सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, आजारी सोबत्याला विहारात टाकून पळालेला हा नंदिसेन तेव्हा राजा होता. त्या आजाऱ्याचे अंग पुसणारी उपासिका मेधिका ही रोहिका होती. वैद्य मी होतो. त्या सभेत मी भीत भीतच खरे बोललो. यालाच सत्यपारमिता म्हणतात."