टिपूक आणि निळं दार

एक होता निरोप. नाव त्याचं टिपूक. तिळाएवढा.

तनूची आई दवाखान्यात नर्स होती. रोज दुपारी ती टिपूकच्या कानात काहीतरी सांगायची. टिपूक निघायचा, टुणुक टुणुक. बाबांच्या कॉम्प्युटरच्या हिरव्या दारातून आत शिरायचा. तो आईचं बोलणं सांगायचा, मगच तनू जेवायची.

एक दिवस टिपूकची वाट हरवली. दार होतं, पण हिरवं नव्हतं. निळं होतं. सकाळीच अपडेट नावाचा रंगारी येऊन रंगवून गेला होता. कुणाला सांगण्याची त्याची पद्धतच नव्हती.

दारात उभा पहारेकरी फायरवॉल. मिशा केवढ्या, अक्कल एवढीशी.

"पहारेकरीदादा, सोडा ना. तनू जेवेना."

पहारेकरी म्हणाला, "पाटीवर लिहिलंय, टिपूकला हिरव्या दारातून सोडा. हे तर निळं. पाटी बदलेल, तर सोडीन."

दार तेच, कडी तीच, टिपूकही तोच. पण नाही. पहारेकऱ्याने वहीत लिहिलं, 'टिपूक. परत.'

टुणुक टुणुक. टिपूक गेला पाटीकडे. पाटी नियमांची, खिळ्यावर ऐटीत बसलेली.

"पाटीबाई, बदला ना. पहारेकरी सोडेना, तनू जेवेना."

पाटी म्हणाली, "रंगारी सांगेल, तर बदलीन."

निळं दार तिच्या नाकासमोर होतं. पण बाईंना ते दुसऱ्याने सांगायला हवं.

टुणुक टुणुक. टिपूक गेला रंगाऱ्याकडे. रंगारी शिडीवर बसून शीळ घालत होता. फुर्रर्र फुर्रर्र.

"रंगारीकाका, सांगा ना. पाटी बदलेना, पहारेकरी सोडेना, तनू जेवेना."

रंगारी म्हणाला, "वही विचारेल, तर सांगीन. मी काय रिकामा आहे?"

रिकामाच तर होता.

टुणुक टुणुक. टिपूक गेला वहीकडे.

"वहीताई, विचारा ना. रंगारी सांगेना, पाटी बदलेना, पहारेकरी सोडेना, तनू जेवेना."

वही म्हणाली, "बाबा वाचतील, तर विचारीन."

आता बाबा कसले वाचतात? त्यांनी ती वही कधी उघडलीच नव्हती. ते दाराच्या आत, चमचा घेऊन बसलेले. तनूचं तोंड गच्च मिटलेलं. वरणभात गार झाला होता.

टिपूकला रडू आलं. मग राग आला. चांगलाच राग आला. तो परत दाराशी गेला.

टक टक. 'टिपूक. परत.'

टक टक. 'टिपूक. परत.'

टक टक, टक टक, टक टक. टिपूक थांबेना. पहारेकरी लिहितोय, लिहितोय, लिहितोय. का येतोय हा, असा विचार काही त्याच्या डोक्यात येईना. वही फुगली, फुगली, आणि पानंच संपली. कॉम्प्युटर ओरडला, टिंग टिंग टिंग.

बाबा धावत आले. त्यांनी वही उघडली. पहिल्या पानावर टिपूक, शेवटच्या पानावर टिपूक. बाबांनी कपाळावर हात मारला.

बाबांनी वाचलं, वहीने विचारलं. वहीने विचारलं, रंगाऱ्याने सांगितलं. रंगाऱ्याने सांगितलं, पाटी बदलली. पाटी बदलली, पहारेकऱ्याने सोडलं. वर मिशीला पीळ देऊन म्हणतो कसा, "बघा, मी सोडलं."

टिपूकने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टुणुक टुणुक, थेट तनूच्या कानात.

"तनुल्या, आई बोलतेय. जेव गं, माझी सोनी."

तनूने केला आ.

भात संपला, वरण संपलं. ताटात गोष्टही तेवढीच वाढली होती.