धामणगडाचा फिका चहा

धामणगडावर भिंतीच्या कामाला आलात, तर पहिला धक्का चहाचा. साखर नाही, गूळही नाही. दरवाजातच शेवंताबाई विचारतात, "काय खाऊन आलात?" आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात. पाहुण्यांना वाटतं, केवढी आस्था! आस्था कसली? गडाच्या डागडुजीचं सगळं काम गावाच्या वतीनं त्या बघतात, आणि त्यांना चौकशी असते तुमच्या जिभेची. का, ते सांगतो. मला आजोबांनी सांगितलं; त्यांना कुणी सांगितलं, ते विचारू नका.

ती दोन बुरजांमधली भिंत दिसते ना, ती एकदा गनिमाच्या तोफेनं पाडली. बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं. पण तोफेचाही गाडा मोडला, म्हणून चार दिवसांची उसंत मिळाली. तेवढ्यात भिंत उभी राहिली तर गड वाचणार होता. तोवर खिंडारात चाळीस माणसं ढाली धरून उभी. त्यांत एक धोंडजी. त्याची बायको सगुणा चुना मळायच्या दगडी घाणीचा बैल हाकायची. तिनं नवस बोलला होता म्हणे, की भिंत पुरी होईपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही.

तेव्हा चुन्यात गूळ घालत. गुळानं चुना दगडाला धरून राहतो. हैबती गवंडी मळलेल्या चुन्याचा प्रत्येक घाणा जिभेच्या शेंड्यानं पारखायचा. गोडी लागली की म्हणायचा, लावा. पहिल्या दिवशी भिंत छातीपर्यंत आली आणि बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गडाचा हवालदार शिंकला आणि भिंत ढासळली, असं सांगतात. काहींचं म्हणणं, शिंकला नव्हता, नुसता खोकला होता.

मग कुणी म्हणालं, जागेला कोंबडा हवा. कुणी म्हणालं, बोकड. एक जण हळूच माणसावर आला. इकडे खिंडारातली चाळीस माणसं गनिमाच्या बाणांनी पस्तीसवर आली होती. धोंडजी अजून उभा होता, इतकंच सगुणाला घाणीवरून दिसत होतं. तिनं बैल थांबवला आणि चुन्याचं बोट जिभेला लावलं.

"हैबतीबाबा, चुना फिका आहे."

"सगुणे, तीस वर्षं जीभ लावतोय मी. गोड आहे."

"आधी चूळ भरा."

हैबतीनं चूळ भरली, पुन्हा बोट लावलं, आणि खाली बसला. त्याच्या गालात सकाळपासून गुळाचा खडा होता. वेढ्यातली उपाशी माणसं ती. गुळाच्या ढेपेजवळून जाताना जो तो चिमूटभर उचलत होता. दोनशे जणांची चिमूट म्हणजे ढेपच की. चुन्याला काही उरत नव्हतं, आणि गोड तोंडाला सगळंच गोड लागत होतं.

हैबती उठला. कनवटीचा गूळ सोडून त्यानं घाणीत टाकला. मागोमाग रांग लागली. कुणी पागोट्यातून काढला, कुणी ओटीतून. एका म्हातारीनं म्हणे तोंडातलाही काढून दिला. चौथ्या दिवशी भिंत उभी राहिली. तोफेचे तीन गोळे आले, आणि माशा गुळाला चिकटाव्यात तसे भिंतीला चिकटले. खुणा आहेत, मोजून घ्या.

धोंडजी जिता खाली आला. हवालदारानं गुळाचा पहिला खडा सगुणापुढे धरला. तिनं वर पाहिलं.

"वरचा थर राहिलाय," ती म्हणाली, आणि खडा घाणीत टाकला.

तो थर काही पुरा झाला नाही. एक बाजू चढली की दुसरी ढळते. चढाई गेली, पावसाळे आले. म्हणजे नवसही फिटलेला नाही.

आजही कामाला येणारा प्रत्येक जण आधी गुळाचा खडा घाणीत टाकतो, मग दगडाला हात लावतो. मागे एक साहेब चुना तपासायचं यंत्र घेऊन आले. यंत्र म्हणालं, उत्तम. शेवंताबाईंनी बोट लावलं आणि म्हणाल्या, फिका. घाणा पुन्हा मळला.

तर चला वर. तांब्या पुढे आला की निमूट चूळ भरा. आणि मघाशी पायथ्याला खाल्लीत ती चिक्की कुणाच्या दुकानातली, हे मात्र सांगू नका. मला अजून याच गावात राहायचंय.