राजाने न पाहिलेली धाकटी

एका राज्यात लहानथोर सगळेच एका पायात वहाण घालत आणि दुसरा पाय अनवाणी टाकत. त्याचं कारण फार जुनं होतं. त्या राज्याच्या मूळपुरुषाने एका लढाईत हार दिसू लागताच एकलडोंगरावरच्या मांत्रिकाला शब्द दिला होता, "मला जिंकून दे. माझ्या वंशातला राजा ज्या दोहोंना 'सारखेच' म्हणेल, त्यांतलं एक तुझं."

लढाई जिंकली. शब्द मात्र मागे उरला. पुढे त्याचा नातू एकदा वहाणा पारखताना कंटाळून म्हणाला, "यात काय बघायचं? डावी काय, उजवी काय, सारख्याच." त्याच क्षणी राज्यातल्या प्रत्येक जोडातली एक वहाण उठली आणि डोंगराच्या दिशेने चालू लागली. नंतरच्या एका राजाने कर्णफुलांना तसंच म्हटलं, आणखी एकाने बैलांच्या शिंगांना. तेव्हापासून राजघराण्यात मुलाला बोलायला शिकवताना तो एक शब्द वगळण्याची रीत पडली. पण शिकवलं नाही म्हणून कानावर पडायचं थोडंच राहतं?

त्या वंशातला राजा धवलकेतू. त्याची राणी कुमुद्वती. थोरली राजकन्या अवंती दोन वर्षांची झाली होती आणि बारा दिवसांमागे राणीला दुसरी मुलगी झाली होती. दोन्ही लेकींना न्हाऊमाखू घालणारी दाई एकच, म्हाळसा. साठी उलटलेली, हाताने मऊ आणि जिभेने तिखट. अर्धं नगर तिच्या पसरल्या पायांवर न्हालं होतं.

बाराव्या दिवशी, ऐन दुपारी, म्हाळसा पाय पसरून न्हाणीत बसली होती. पायांवर धाकटी. टाळूवर कोमट तेल जिरत होतं. राणी बाजेवरून पाहत होती.

"म्हाळसाबाई, अवंती अशीच होती का हो?"

"नाक तेच, राणीसाहेब. हनुवटीही तीच. पण अवंतीबाय पहिल्या तांब्याला मुठी आवळायची. ही बघा, पायाची बोटं फाकवते. जणू पाणी बोटांनीच प्यायचंय."

राणी हसली. तेवढ्यात दारावरून राजा चालला होता. शिकारीची घाई होती.

"स्वामी, क्षणभर आत या," राणी म्हणाली. "बारा दिवस झाले. लेकीला एकदा बघा तरी."

राजा थांबला, पण त्याने उंबरठा काही ओलांडला नाही. "त्यात काय बघायचं? पहिली पाहिली आहे की. दोघी सारख्याच."

म्हाळसाच्या पायांवरून बाळ नाहीसं झालं. तेलाने ओले दोन हात तेवढे हवेत राहिले.

राणीच्या किंकाळीने सभा भरली. प्रधान आला, जोशीबुवा आले, सेनापती आला. शब्द कुणी दिला, तो मोडला तर पाप कुणाला, यावर घटका-दोन घटका खल झाला. राजा मान खाली घालून बसला होता. अखेर जोशीबुवा खाकरले. "महाराज, दैवाची गती. पण शोक आवरावा. थोरली सुखरूप आहे. मुखडाही तोच होता म्हणतात. तेव्हा तसं पाहिलं तर फारसं काही गेलं नाही."

म्हाळसा सभेत शिरली तेव्हा तिच्या कोपरांवरून अजून तेल ओघळत होतं. द्वारपालांनी भाले आडवे केले. तिने ते कोपराने सारले.

"फारसं गेलं नाही? जोशीबुवा, तुम्हाला सहा लेक. उद्या त्यांतले पाच उचलून नेले तर म्हणाल का, एक उरलाय, मुखडा तोच आहे?"

"दाई, ही राजसभा आहे," प्रधान म्हणाला.

"म्हणूनच बोलते. न्हाणीत बोललं असतं तर ऐकणाऱ्या दोघीच होत्या, त्यांतली एक तुम्ही घालवलीत." ती राजाकडे वळली. "महाराज, थोरली झाली तेव्हा हत्तीवरून साखर वाटलीत. धाकटीकडे नजरसुद्धा टाकली नाहीत. नाव नाही, बारसं नाही. आणि आता शब्द मोडता येत नाही म्हणून हात जोडून बसता! घोड्याला खरारा नीट झाला की नाही ते रोज वाकून बघता ना?"

राजाने सेनापतीकडे पाहिलं. सेना धाडायला सेनापतीही तयार नव्हता, कारण एकलडोंगरावर गेलेल्या सेनेतला दर दुसरा शिपाई परत येत नसे.

"मग मीच जाते," म्हाळसा म्हणाली. "मी तर एकटीच आहे. माझ्यासारखी दुसरी या राज्यात नाही, त्याने न्यायचं काय?"

वेशीबाहेर बाभळीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "आई, डोंगराकडे निघालात? वाट मला ठाऊक आहे."

"तुझं तिथे काय काम?"

"माझा जोडीदार तिथे आहे. आम्हाला पिंजऱ्यात घालून कुणी राजाला भेट दिलं होतं. नर कोणता, मादी कोणती, असं राणीने विचारलं. राजा म्हणाला, काय फरक पडतो, दोन्ही सारखेच." साळुंकीने पंख फुगवले. "माणसांना आम्ही सगळ्या एकच दिसतो. अहो, त्याच्या शिळेत शेवटी एक गिरकी असायची. ती साऱ्या रानात कुणाला येत नाही!"

"चल बाई," म्हाळसा म्हणाली. "आपलं दोघींचं जमेल."

तीन दिवस त्या चालल्या. चौथ्या सकाळी डोंगर लागला. त्याच्या पोटात गुहा होती आणि गुहेत छतापर्यंत रचलेल्या वस्तू. एकेक वहाण, एकेक कर्णफूल, एकेक शिंग, एक झांज, एक चाक. मधोमध मांत्रिक बसला होता. त्याला एकच डोळा आणि एकच कान होता. मूळपुरुषाने करार करताना म्हटलं होतं, "तुझे डोळे तरी काय, दोन्ही सारखेच लाल." नियम तो नियम, म्हणून त्याने स्वतःचाच एक डोळा काढून पेटीत ठेवला होता. पुढे कानाचंही तेच झालं. लोक त्याला एकाक्ष म्हणत.

गुहेच्या कोपऱ्यात एका शिंगाची शेळी रवंथ करत उभी होती. तिच्या दुधावर बाळ जगलं होतं.

"राजाने सेना पाठवली नाही?" एकाक्षाने विचारलं.

"नाही. मी आले. आमचं बाळ द्या."

"करार मोडायचा तर तीन प्रश्न. चुकलीस तर थोरलीही इथे येईल."

म्हाळसाने नगराच्या दिशेने वळून पाहिलं. अवंती आत्ता राणीच्या कुशीत असेल. पण मागे फिरली असती तर तिला स्वतःचं तोंड पाहवलं नसतं. "विचारा," ती म्हणाली.

एकाक्षाने टाळी वाजवली. गुहेत तीन पाळणे आले, तिन्हींवर पडदे. "एकात तुझी धाकटी. बाकीच्या दोन मी राजाच्या डोळ्यांत धाकटी जशी होती तशा घडवल्या. रडणं ऐक आणि सांग."

तिन्ही पाळण्यांतून रडणं उठलं. एकीने श्वास कोंडला, लालबुंद व्हावं इतका कोंडला, आणि मग एकदम टाहो फोडला. दुसरीचंही तसंच. तिसरी मात्र करडासारखी तीनदा कुरकुरली आणि गप्प झाली. कुणी ओ देतंय का ते ऐकत राहिली.

"ओ गं, ओ," म्हाळसा म्हणाली, आणि तिसऱ्या पाळण्याचा पडदा ओढला. "श्वास कोंडून रडायची ती थोरली. तुमच्या दोन्ही सोंगांना राजाने थोरलीचं रडणं दिलं, कारण धाकटीचं त्याने ऐकलंच नव्हतं."

एकाक्षाची भुवई वर गेली. "आता हाताने सांग," म्हणत त्याने म्हाळसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांत मेण घातलं.

पहिलं बाळ तिच्या हातांत आलं आणि धनुष्यासारखं ताठ झालं. अवंतीला कुणी नव्याने घेतलं की अशीच ताठायची, पाठीची कमान करायची. म्हाळसाने ते खाली ठेवलं. दुसरं बाळ हातांत आलं. तेही ताठलं. तिसरं बाळ आलं आणि भिजवलेल्या कणकेसारखं तिच्या तळव्यांच्या खोबणीत बसलं. जिथे उंचवटा तिथे खळगा, जिथे खळगा तिथे उंचवटा. वर एक डोकं तिच्या मनगटावर टेकलं, जणू हे मनगट याचसाठी होतं.

"ही," म्हाळसा म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि आवाज फुटला याचाच तिला राग आला. "थोरली जगाला पाठीने ढकलायची, ही जगावर रेलते. पंधरा दिवसांचं लेकरू आपण कोण ते इतकं ओरडून सांगतं, आणि सात फुटी बापाला ऐकू जात नाही!"

मांत्रिकाने पट्टी काढली, मेण काढलं. दोन्ही सोंगं धूर होऊन गेली. मग त्याने हवेत बोट फिरवलं आणि धाकटीशेजारी आणखी एक बाळ प्रकटलं. ही अवंती होती, दोन वर्षांपूर्वीची, बारा दिवसांची, खरीखुरी.

"तिसरा प्रश्न. फरक पुष्कळ सांगितलेस. आता या दोघींत सारखं काय ते सांग. एक अक्षर खोटं बोललीस तर दोघी माझ्या."

साळुंकी छतावरून ओरडली, "आई, हा सापळा आहे! काही सारखं नाही म्हणा!"

म्हाळसालाही सापळा दिसत होता. पण तिच्यासमोर दोघी होत्या, शेजारी शेजारी, जशा त्या जगात कधीच दिसल्या नसत्या. ती खाली बसली. तिने दोघींना नीट पाहिलं.

"सांगते," ती म्हणाली. "दोघींच्या केसांतला भोवरा उजवीकडे. जांभई देताना दोघींची डावी भुवई आधी उचलते. दोघींच्या करंगळीचं नख गव्हाच्या कोंड्याएवढं. शिंक आली की दोघी रागावतात, जणू ती दुसऱ्याच कुणी काढली. झोपेत दोघी हसतात, आणि हसू आधी उजव्या गालाला येतं. आईचा वास आला की दोघींची मान..."

"पुरे!" एकाक्ष हसला. "राजा खरंच बोलला तर. सारख्याच! एक माझी."

म्हाळसा उठली. तीन दिवस चालून सुजलेले पाय, साठ वर्षांची कंबर, सारं एकदम ताठ झालं.

"राजा खोटं बोलला! न बघता म्हटलेलं 'सारखंच' म्हणजे आळस. मी बघून सांगितलं. आणि हे बघायला मला दोन बाळं लागली, एक नाही. एक नेलंस की दुसरं कुणासारखं? तुझ्या गुहेत एवढा पसारा आहे. ऊठ. इथली एक तरी वस्तू कुणासारखी आहे ते दाखव!"

एकाक्ष उठला. त्याने एक वहाण उचलली आणि तिची जोडीदारीण शोधली. ती नव्हती. एक कर्णफूल घेतलं, तसं दुसरं शोधलं. तेही नव्हतं. तो ढिगांतून फिरत राहिला, एका डोळ्याने, खूप वेळ.

"करारात काय आहे?" म्हाळसाने विचारलं. "जे सारखं, त्यातलं एक तुझं. इथे सारखं काहीच नाही. म्हणजे इथलं काहीच तुझं नाही."

डोंगराला मधोमध भेग पडली. वहाणा उठल्या आणि आपापल्या घराच्या दिशेने चालू लागल्या. कर्णफुलं उडाली. शिंगं बैलांकडे निघाली आणि शेळीच्या डोक्यावर दुसरं शिंग उगवलं. एका कोनाड्यातून शीळ आली, तिच्या शेवटी एक गिरकी होती, आणि साळुंकी तिकडे झेपावली. दोन वर्षांपूर्वीची अवंती जांभई देऊन आपल्या काळात परत गेली. पेटीचं झाकण उघडलं आणि एकाक्षाचा दुसरा डोळा त्याच्या खोबणीत आणि दुसरा कान आपल्या जागी जाऊन बसला. त्याने दोन्ही डोळ्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या तळहाताकडे, आणि तो पुन्हा कुणाच्या वाटेला गेला नाही.

म्हाळसा नगरात आली तेव्हा लोक दोन्ही पायांत वहाणा घालून अडखळत चालत होते, कारण सवय नव्हती. राणीने धाकटीला उराशी घेतलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

राजा म्हणाला, "म्हाळसाबाई, मागाल ते देईन."

"मला काही नको. सकाळी न्हाणीच्या वेळी येऊन बसा. रोज. आणि बघा."

राजा आला. पहिल्या दिवशी त्याला काहीच दिसलं नाही, नुसतं बाळ दिसलं. दुसऱ्या दिवशी पायाची बोटं फाकलेली दिसली. तो उशिरापर्यंत बसला, शिकारीला गेला नाही. तिसऱ्या दिवशी तो एकदम पुढे वाकला.

"म्हाळसाबाई! हिच्या डाव्या कानाच्या पाळीला चिमूटभर घडी आहे. सापडला फरक! अवंतीची पाळी अशी नाही."

म्हाळसाने तांब्या खाली ठेवला. दाराशी अवंती बाहुली घेऊन उभी होती. म्हाळसाने तिला जवळ बोलावलं आणि तिचे केस कानामागे सारले.

पाळीला चिमूटभर घडी होती.

"हिचीही अशीच आहे, महाराज," म्हाळसा म्हणाली. "जन्मापासून. तुम्ही थोरलीही कुठे पाहिली होती?"

राजा राजवस्त्रांनिशी ओल्या न्हाणीत खाली बसला. अवंतीला त्याने एका मांडीवर घेतलं, धाकटीला दुसऱ्या मांडीवर, आणि दोन्ही कान हळूच बोटांत धरून तो पाहत राहिला. अवंती ताठली. धाकटी रेलली.

पुढच्या शुक्रवारी बारसं झालं. नाव राजाने स्वतः शोधलं होतं, ते होतं तरला. म्हाळसाने नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि चालेल म्हणाली.

शब्द फिटला, डोंगर फुटला, जोडीला जोड मिळाली. ज्यांनी ऐकलं त्यांनी आपापल्या घरच्या लेकरांकडे एकेक करून बघावं.